शेपटीवर बसलेलं विमान

लक्ष्मीकांत पागे यांच्याकडे शेवटी एकच शब्द उरला, आणि तोही 'चालेल'.

ज्या माणसाने जन्मभर कुठल्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात 'चालेल' म्हटलं नाही, त्याच्या वाट्याला नेमका हाच शब्द यावा, याला काय म्हणायचं! पॉलिटेक्निकमध्ये ते इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि थोडं यंत्रशास्त्र शिकवायचे. रेघ जरा जाड आली की कागद परत. 'नहीं चाले, भाई. फरीथी करो.' बडोद्यातली निम्मी कारखानदारी त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि त्या सगळ्यांत त्यांचं नाव 'नहीं चाले साहेब' असंच होतं. घरीही तीच तऱ्हा. चहा उकळला, नाही चालणार. पडदे पिवळे आणले, नाही चालणार. मुलीला, मोहनाला, सांगून आलेली दोन-तीन बरी स्थळंही या 'नाही चालणार'मध्ये गेली, आणि पुढे मोहनाच म्हणाली की आता राहू दे.

गेल्या थंडीत एका सकाळी दाढी करता करता ते बेसिनपाशी कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यात सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेले असताना निरुपमाताईंनी विचारलं, "अहो, थोडी पेज देऊ का?" आणि ते स्वच्छ म्हणाले, "चालेल."

काय आनंद झाला म्हणता! निरुपमाताई पदरात तोंड घालून रडल्या. खालच्या मजल्यावरच्या कोमलबेनने वॉर्डात पेढे वाटले. संध्याकाळपर्यंत मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. पंखा लावू का? चालेल. पंखा बंद करू? चालेल. तुमचं नाव काय? चालेल. मान हलायची तीही प्रत्येक वेळी होकारार्थीच. डॉक्टरांनी समजावलं, की अशा झटक्यात कधीकधी एखादा शब्द तेवढा तोंडात राहून जातो, माणसाला काय म्हणायचंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. आत किती पोचतं, ते मात्र आज सांगता येणार नाही.

ते सांगता यावं, एवढीच मोहनाची इच्छा होती. बाबा आत आहेत की नाहीत? तिला दुसरं काही नको होतं.

घरी आल्यावर बोलणं शिकवणारी एक मुलगी काही आठवडे आली. सफरचंद, गाय, बस अशी चित्रं त्यांच्यापुढे मांडायची. पागेसरांनी डाव्या हाताने ती चित्रं टेबलावरून खाली लोटली. पुन्हा मांडली, पुन्हा लोटली. ती मुलगी जाताना म्हणाली, समज कितपत आहे याचा भरवसा देता येत नाही, पण त्यांच्या आवडीचं काहीतरी त्यांच्यासमोर करत राहा. आवडीचं म्हणजे काय, तर कपाटावर एक खोका होता.

त्या खोक्यात प्लास्टिकचं विमान होतं, म्हणजे विमान व्हायचे तुकडे होते. हरणीच्या तळावरून वायुदलाची दोन पंख्यांची मालवाहू विमानं घरघरत जायची तेव्हा पागेसर चहा टाकून गॅलरीत धावायचे, तशाच विमानाची वीतभर प्रतिकृती. लहानपणापासूनच्या हौसेपायी त्यांनी ती निवृत्तीनंतर मागवली, आणि मागवून काय केलं, तर भिंग घेऊन एकेक तुकडा तपासला, मिळेल तेवढं वाचून काढलं आणि खोका परत वर ठेवला. पूर्ण तयारी झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा. त्यामुळे तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात, तिच्यातून एकही सुटलेला नव्हता.

मोहना वाघोडियाच्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात होती. सकाळी कंपनीची बस, यायला दिवेलागण, सुट्टी फक्त रविवारची. तिने पुढच्याच रविवारी खोका खाली काढला आणि बाबांच्या खुर्चीसमोर टेबल ओढलं. खुर्ची होती देवघराला लागून. पंख्याचं वारं आणि गॅलरीतला उजेड दोन्ही तिथेच मिळायचं, आणि गॅलरीतून खालचा रस्ता दिसायचा. येणारा-जाणारा एखादा जुना विद्यार्थी मान वर करून ओरडायचा, "साहेब, केम छो?" मग पागेसरांचा डावा हात वर व्हायचा. दिवसातून तेवढंच काय ते त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं.

मोहनाने जन्मात असलं काही केलं नव्हतं, आणि ते पहिल्या तासात दिसलं. तुकडे तिने नेलकटरने तोडले, त्यात एका चाकाची दांडी निम्मी गेली. पांढऱ्या डिंकाने पंख चिकटवले, ते वाळून आपोआप सुटून आले. मग लहरीपुऱ्यातल्या दुकानातून झटपट चिकटणारी नळी आणली, तर तिने आधी मोहनाचं बोट पंखाला चिकटवलं आणि मग वैमानिकाच्या समोरची स्वच्छ काच अशी काही पांढरी धुरकट केली, की त्या विमानातून कुणाला काही दिसलं नसतं. एक पंखा केरात गेला आणि सुपलीतून परत मिळाला. धडधाकट असते तर बाबांनी ते सगळं उचलून खिडकीबाहेर भिरकावलं असतं. आता ते बघत होते. मोहना मधून मधून विचारायची, "बाबा, बरं दिसतंय का?" आणि ते म्हणायचे, "चालेल."

विमानाचं पोट दोन उभ्या फाकांचं होतं. आत वैमानिकाची जागा बसवायची आणि मग दोन्ही फाका मिटवायच्या. मोहना एक फाक हातात धरून रंगवत होती, तेवढ्यात बाबांनी टेबलावरचं एक नाणं उचललं आणि फाकेच्या पुढच्या टोकात, अगदी नाकात नेऊन ठेवलं. मोहनाने ते काढून घेतलं. त्यांनी परत ठेवलं.

"बाबा, ह्याच्याशी खेळायचं नाही हं," ती म्हणाली, आणि नाणं पर्समध्ये टाकलं.

पुढच्या रविवारी त्यांचा डावा हात देवघरात गेला. तिथे तांदळाच्या चिमुकल्या राशीवर गणपती म्हणून मांडलेली सुपारी होती. निरुपमाताईंची ती रोजच्या पूजेतली सुपारी, कुंकवाने लालभडक झालेली. पागेसरांनी ती चिमटीत धरली, हात थरथरत टेबलापर्यंत आणला आणि विमानाच्या नाकात ठेवली.

निरुपमाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातली पळी हातातच राहिली.

कारण असं, की हा माणूस देवाच्या वाटेला कधी गेलाच नव्हता. 'देव तुझ्याकडे, आणि देवळाबाहेरच्या चपला माझ्याकडे' अशी त्यांनी लग्नानंतर वाटणी केलेली. आणि आज त्या माणसाने, अर्धं अंग लुळं असताना, शुभकार्याच्या आरंभी गणपती मांडला होता. सांगा बरं, कुठल्या मराठी बाईच्या डोळ्यांना पाणी येणार नाही? कार्य कुठलंही असो, सुपारीचा गणपती आधी, हे त्यांनी आयुष्यभर एकटीने सांभाळलं होतं.

"अगं मोहना, बघ तरी! ह्यांना देव आठवला गं!"

त्यांनी निरांजन लावलं. विमानाच्या दोन्ही फाकांना हळद-कुंकू वाहिलं. कोमलबेन वर आली आणि मोबाइल धरून उभी राहिली. "अंकल तो बधूं समजे छे!" ती म्हणाली, अंकलना सगळं समजतं. आरती झाली. मग निरुपमाताईंनी रीतीप्रमाणे सुपारीवर अक्षता वाहिल्या, तिला नमस्कार केला आणि उचलून परत देवघरात तांदळावर ठेवली. पागेसरांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. चित्रफीत पुण्याला मुलाला, उत्कर्षला, गेली, तिथून सूनबाई देवश्रीने हात जोडलेल्या खुणा पाठवल्या.

त्यानंतर दर रविवारी हेच. बाबा सुपारी उचलून विमानात ठेवायचे, आई पूजा करून परत घ्यायची. एकदा त्यांनी कुंकवाची कुयरी उडवून लावली, तर आई म्हणाली, हात थरथरतो बिचाऱ्यांचा. मोहनालाही बरं वाटायचं. देवाच्या निमित्ताने का होईना, बाबा काहीतरी मनाने करत होते. पण आत किती पोचतं, हा प्रश्न तिथेच होता. म्हातारी माणसं देवाकडे हात नेतातच.

याच दिवसांत पुण्याचं ठरलं. ठरलं म्हणजे ठरवावंच लागलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मदतीला ठेवलेल्या बाया टिकत नव्हत्या. बाबांना खुर्चीतून उचलताना आईची कंबर एकदा अशी धरली, की ती दोन आठवडे भिंतीला धरून चालत होती. उत्कर्षच्या इमारतीत लिफ्ट होती, तळमजल्यावर डॉक्टर होता, देवश्री घरून काम करत होती. त्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बाबा, दसरा झाला की पुण्याला यायचं, कायमचं. इकडचं घर काढून टाकायचं. चालेल ना?"

"चालेल," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मोहनानेही टाकला, खोटं कशाला बोला. ती नोकरीसाठी बडोद्यातच खोली घेऊन राहणार होती. त्या शब्दाला अर्थ नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी तो शब्द सगळ्यांच्या सोयीचा होता, म्हणून सगळ्यांनी तो खरा धरला.

विमानाच्या फाका मिटवायचा रविवार आला. पूजा झाली, सुपारी देवघरात परत गेली. मोहनाने कडांना नळी लावली. तेवढ्यात बाबांनी तिची बाही धरली आणि जोरात ओढली. "चालेल," ते म्हणाले. "चालेल! चालेल!" असा आवाज त्यांचा कित्येक महिन्यांत निघाला नव्हता. मानेच्या शिरा ताठल्या होत्या.

"हो बाबा, छान चाललंय," मोहना हसून म्हणाली, आणि दोन्ही फाका दाबून धरल्या. बाही सुटली. बाबांनी मान गॅलरीकडे वळवली.

दसऱ्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, चाकं बसली. सामान निम्मं बांधून झालं होतं, खोल्यांतून खोके पडले होते. मोहनाने टेबल पुसलं आणि विमान बाबांच्या समोर उभं केलं. रंग ओघळलेला, काच धुरकट, एक चाक तिरपं, पण विमान होतं. ते क्षणभर तीन चाकांवर उभं राहिलं, आणि सावकाश मागे कलून शेपटीवर बसलं. पुढचं चाक अधांतरी, नाक आढ्याकडे.

मोहनाला वाटलं, तिरप्या चाकामुळे झालं. तिने ते सरळ केलं. विमान परत शेपटीवर बसलं. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ठेवून पाहिलं, तरी तेच. मग तिने सहज नाकावर बोट टेकवलं. विमान शहाण्यासारखं तीन चाकांवर उभं राहिलं. बोट काढलं की मागे. बोट ठेवलं की उभं. पुढे जरा जड हवं होतं. मिटवायच्या आधी नाकात काहीतरी जड ठेवायला हवं होतं. नाण्याएवढं. सुपारीएवढं.

तिने मान वर केली. बाबा विमानाकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, वर्गातल्या मठ्ठ पोराला उत्तर कधी सुचतंय याची वाट बघावी तसे.

आधी तिला आनंदच झाला, वेड्यासारखा आनंद. बाबा आत होते! अख्खेच्या अख्खे होते, त्यांच्या यंत्रशास्त्रासकट, वजनाच्या तोलासकट. जवळ हाताला येईल त्यातली सगळ्यात योग्य वजनाची वस्तू त्यांनी शोधली होती, आणि बरोबर जागी ठेवली होती, पुन्हा पुन्हा ठेवली होती. आणि आपण काय केलं? आपण त्यांना आरती दाखवली. ते रडले तेव्हा आपण त्याची चित्रफीत काढली. हे मनात येताच तिच्या आनंदाची माती झाली, आणि तिला इतकी लाज वाटली, की बाबांकडे बघवेना.

"आई, बाबांना सगळं कळतंय गं!"

"मी कधीची सांगतेय," निरुपमाताई आतून म्हणाल्या.

"तसं नाही. तो देव नव्हता आई. वजन होतं. त्यांना विमानात वजन घालायचं होतं."

निरुपमाताई बाहेर आल्या. शेपटीवर बसलेल्या त्या विमानाकडे त्यांनी पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "असं नको म्हणूस," त्या हळूच म्हणाल्या. "दोन्ही असेल." आणि परत आत गेल्या.

मोहनाच्या डोक्यात मात्र आता एकामागून एक सगळं उलटं फिरायला लागलं. ती गाईची नि सफरचंदाची चित्रं त्यांनी लोटली, ती समजली नाहीत म्हणून, की आयुष्यभर शिकवलेल्या माणसापुढे बालवाडीची चित्रं मांडली म्हणून? बाही ओढून 'चालेल' ओरडत होते, तेव्हा ते 'थांब' म्हणत होते. मग पुण्याला काय म्हणाले होते?

तिने घराची किल्ली आणली आणि टेबलावर एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला उत्कर्ष-देवश्रीचा फोटो ठेवला.

"बाबा, तोंडाने सांगू नका. इथे राहायचं असेल तर किल्ली उचला. पुण्याला जायचं असेल तर फोटो."

त्यांनी किल्ली उचलली. मोहना रोजच माल तपासणारी, एका खेपेवर विश्वास ठेवणारी नव्हे. तिने जागा बदलल्या. त्यांनी हात लांबवून किल्लीच घेतली. तिने प्रश्न फिरवून विचारला, आधी पुणं, मग बडोदं. त्यांनी प्रश्न पुरता होऊही दिला नाही. किल्ली मुठीत घेतली आणि मूठ मांडीवर ठेवली.

मोहनाने तिथूनच पुण्याला फोन लावला. उत्कर्षला सगळं सांगितलं, नाणं, सुपारी, नाक, शेपटी, किल्ली. सांगता सांगता तिचं तिलाच जाणवलं, की हे ऐकायला फार हास्यास्पद लागतंय. आईची देवाची गोष्ट निदान ऐकायला बरी तरी वाटायची.

"अगं, किल्ली चकचकीत असते, म्हणून धरली असेल," उत्कर्ष म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तू बाबांना फोन दे." मग स्पीकरवर, मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं, "बाबा! परवा गाडी पाठवतोय. येणार ना?"

पागेसरांचे ओठ हलले. मान नकाराकडे न्यायला त्यांनी किती जोर लावला, ते मोहनाला दिसत होतं. मान खाली-वर हलली.

"चालेल," ते म्हणाले.

"ऐकलंस? उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस, मोहना." त्याने फोन ठेवला.

मोहना स्वयंपाकघरात गेली. निरुपमाताई ओट्याला पाठ टेकून उभ्या होत्या, कमरेला पट्टा आवळलेला. भांड्यांचा खोका अर्धा भरलेला होता.

"आई, त्यांना जायचं नाहीये. खरंच नाहीये. मी तीनदा विचारलं."

"मला का ठाऊक नाही?" निरुपमाताई म्हणाल्या. "इतकी वर्षं संसार केला मी त्यांच्याशी. बडोदं सोडायचं नाव काढलं की जेवण टाकून उठणारा माणूस तो. तू किल्ल्या मांडायची काय गरज होती?" त्यांनी हात कमरेच्या पट्ट्यावर ठेवला. "पण आता माझ्याच्याने त्यांना उचलवत नाही गं. तू सकाळी जातेस ती अंधार पडल्यावर येतेस. मी एकटी करू तरी काय? कळलं, कळलं म्हणून नाचतेस, पण कळून आपण काय करणार आहोत?"

 नोकरी सोडते, असं मोहनाच्या अगदी ओठापर्यंत आलं, पण नोकरी सोडून घर कशावर चालणार होतं? आणि उचलणार तर तीही एकटीच होती. आपण ते बोललो नाही, हे आईला कळलंय, हेही तिला कळलं. काल रात्रीपर्यंत तिला एवढंच हवं होतं, की बाबा आत आहेत हे कुणीतरी सांगावं. आता कुणी येऊन सांगितलं असतं की ते नाहीत, त्यांना काही समजत नाही, तर तिने त्याचे पाय धरले असते.

ती बाहेर आली आणि बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसली. रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, "साहेब, केम छो?" या वेळी हात वर झाला नाही, हातात किल्ली होती.

"बाबा," ती म्हणाली. आज तिने वाक्याच्या शेवटी 'ना' लावला नाही, विचारलं नाही. "परवा गाडी येणार आहे. तुम्हाला जायचं नाहीये, ते मला कळलंय. आईलाही कळलंय. तरी आम्ही तुम्हाला नेतोय."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली.  त्यांच्या तोंडून 'चालेल' आलं नाही.